येळवसीचे पाहुणे

पहाटे सहाला नांदेड सोडलं. मागच्या सीटवर आप्पा, म्हणजे माझे सासरे, मांडीवर आंबिलीचं मडकं घेऊन बसले होते. (आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं पातळ पेय.) मडकं डिकीत ठेवू म्हणून मी तीनदा सांगून पाहिलं. "डिकीत हिंदकळतंय पोरी, मांडीवर न्हाई हिंदकळत," एवढं बोलून त्यांनी मडक्याच्या तोंडावरचं फडकं आणखी घट्ट बांधलं. त्यांच्या शेजारी माझी नऊ वर्षांची उज्ज्वला, पायाशी भज्जीचं पातेलं आणि उंड्यांची (ज्वारी-बाजरीच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांची) दुरडी. पुढे मी, आणि मोटार चालवायला आमचे हे, मन्मथराव. शनिवारची सुट्टी स्वयंपाकात गेली होती आणि रविवारी अमावस्या होती.

ही मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लातूरकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटी) उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, शेताला फेरी मारत आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. पण एकट्यानं नाही. बांधावरून जो कुणी जाईल, ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. हाक आली की पाहुण्यानं नाही म्हणायचं नाही. शेत ज्याचं तो यजमान, बाकीचे सगळे पाहुणे.

आता जी गोष्ट आप्पांना माहीत नव्हती ती तुम्हाला सांगून टाकते. ज्या शेतात येळवस करायला आम्ही निघालो होतो, ते शेत आमचं राहिलं नव्हतं. लातूर उस्मानाबादेतून निघून नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला की साहेब येतात, साहेब आले की त्यांना बंगले लागतात आणि बंगल्यांना जमीन लागते. आमचं शेत गावाला लागूनच. सासूबाई गेल्यावर आप्पांनी ते यांच्या नावावर करून दिलं आणि आमच्याकडे नांदेडला राहायला आले. त्यामुळे नोटिसा आल्या त्या यांच्या नावानं, सह्या केल्या यांनी, मावेजा (भरपाई) मिळाला तोही यांनाच. आम्ही बसलो होतो ती मोटार त्याच मावेजातली. आप्पांना सांगितलं होतं, ऑफिसनं दिली. "त्यांना सावकाश सांगू," असं आमचं ठरलं होतं, आणि त्या सावकाशीला दोन वर्षं झाली होती. दर हंगामाला हे मोंढ्यातून (धान्यबाजारातून) ज्वारीचं पोतं आणायचे आणि "बटईवाल्यानं पाठवली" म्हणायचे. (बटईवाला म्हणजे वाट्यानं शेत कसणारा.) आप्पा मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघायचे. "औंदा दाणा बारीक हाय. शेणखत घातलं न्हाई त्या भाड्यानं," म्हणून नसलेल्या बटईवाल्याच्या नावानं खडे फोडायचे.

शेतच गेलं असतं तर एकवेळ सांगता आलं असतं. पण आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला पुरतात, आणि शेत असेल तर शेतातच. सासूबाईंची समाधी त्या शेतात होती. विहिरीपासून उगवतीला चाळीस पावलांवर हातभर उंचीचा दगडी चौथरा. जमीन घेताना शेतात काय काय आहे ते लिहून द्यायचं होतं. यांनी विहीर लिहिली, आंब्याची झाडं लिहिली, समाधी लिहिली नाही. ती लिहिली तर चौकशी लागेल, प्रकरण अडकून पडेल, असं कुणीतरी यांच्या कानात सांगितलं होतं. तो अर्ज मी वाचला होता. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ मीच नीट करून दिले. समाधी राहून गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. ते खोटं होतं. पुढे तिकडे काय झालं ते बघायलाही आम्ही गेलो नाही. "कोपऱ्यात असेल अजून, कोण कशाला हात लावतंय," असं हे म्हणायचे आणि मी मान हलवायची.

दोन येळवसी टाळल्या. एकदा उज्ज्वलाला गोवर होता, एकदा यांच्या ऑफिसात तपासणी निघाली. यंदा दुष्काळ, म्हणून यांनी दुष्काळ पुढे केला. "शेतात काही नाही यंदा, कशाला जायचं?" आणि तिथेच फसले. आप्पा ताडकन म्हणाले, "दुष्काळात तर जायाच पायजे. भुईला उपाशी ठिवून आपुन हितं बसून खायचं व्हय? आन तुझी माय एकली हाय तिथं. दोन साल झाले, तिला निवद न्हाई."

यावर यांनी जो बेत काढला, त्याला मात्र दाद द्यायला हवी. सणाच्याच रिवाजानं सण अडवायचा. वाटेत शेताशेतातून हाका येतील, आप्पा जुन्या वळणाचे, एकाही हाकेला नाही म्हणणार नाहीत. दोन-तीन ठिकाणी जेवणं झाली की दुपार कलेल, म्हातारा माणूस पेंगेल, मग "अंधार पडेल, पुढच्या वर्षी जाऊ" म्हणून अहमदपूरच्या आसपासहून मागे फिरायचं. आदल्या रात्री हे मला हळू आवाजात हे सगळं सांगत होते तेव्हा मला लाज वाटली आणि हसूही आलं. हसू जास्त आलं, हे कबूल करते.

गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा उजाडलं. नदीच्या अंगाला ऊस, केळी, गुडघाभर गहू, मधूनच करडईचे पट्टे. दुष्काळ म्हणतात तो हाच का, असं कुणालाही वाटावं इतकं हिरवं. उज्ज्वला खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होती आणि आप्पा तिला पिकं ओळखायला शिकवत होते. लोह्यापर्यंत हा थाट टिकला. त्यापुढे दिवाळीच्या सुमारास एक सर येऊन गेली होती, तेवढ्यावर ज्वारी वीतभर वर आली होती आणि तिथेच थांबली होती. लांबून हिरवं दिसायचं. जवळ गेलं की खालची भेगाळलेली जमीन दिसायची.

लोहा सोडल्यावर पहिली हाक आली. रस्त्याच्या कडेच्या मळ्यातून एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हात वर करून रस्त्यात उभेच राहिले. "ओ मोटारवाले, या या! तसं कसं जाता?" यांनी इतक्या तत्परतेनं ब्रेक लावला की मला त्यांच्याकडे बघवेना. विहिरीला पाणी असलेलं शेत. कोप ऐसपैस, ट्रान्झिस्टर चालू, पंगतीला वीस-पंचवीस माणसं. भज्जी झकास होती. (तुरीचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, चिंच, बेसन एकत्र शिजवतात.) आप्पा आमचं आणलेलं त्यांना वाढत होते, त्यांचं आग्रहानं मागून घेत होते, अगदी खुशीत. निघताना त्यांनी त्या गृहस्थांचे दोन्ही हात धरले.

"पुढच्या साली आमच्याकडं यायचं. लातूरला, गावाच्या कडंलाच शेत हाय आमचं. कुणालाबी इचारा, दावतील."

"हाव हाव, येतो की," गृहस्थ म्हणाले.

हे मोटारीत बसून किल्लीशी खेळत होते.

माळाकोळीच्या पुढे चाक पंक्चर झालं. ते काही यांनी केलं नव्हतं, पण यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली ती लपली नाही. स्टेपनी बसवायला एरवी पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी तासभर लागला. अहमदपूर गाठलं तेव्हा सूर्य माथ्यावर होता.

अहमदपूरच्या पुढे मात्र हिरवं संपलं. ज्वारीची धाटं वाळून करड्या रंगाची झालेली, बाभळी तेवढ्या तग धरून. आणि तरीही दर दोन-चार शेतांनंतर एक कोप दिसत होती. अशाच एका शेतातून एक बाई हातानं बोलावत रस्त्यापर्यंत धावत आली. "थांबा हो, थांबा! न जेवता जाऊ नका." यांनी गाडी कडेला घेतली.

शेतात ती आणि तिचा नवरा, दोघंच. कोप एवढीशी, माणूस वाकून जेमतेम आत जाईल. शेत कोरडं ठणठणीत. कोपीला पाच पेंढ्या लागतात, त्या तिनं बहिणीच्या गावाहून डोक्यावरून आणल्या होत्या. आंबिलीचं पाणी दोन कोसांवरून. तिनं आम्हाला अर्धा अर्धा पेला आंबील दिली, पातळ, मिठाची. भाकरीचा एकेक तुकडा दिला. नवरा नुसता हसून भाकरीची दुरडी पुढे करत होता.

आप्पांनी विचारलं, "ज्वारी निसवलीच न्हाई का?"

"न्हाई मामा. कणीसच धरलं न्हाई."

"मंग कोप कशाला केली गं?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "येळवस हाय न्हवं?" ती म्हणाली. "पीक आलं न्हाई म्हून काय भुईला इसरायचं?"

आप्पांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला आणि उठले. आमच्या दुरडीतले निम्मे उंडे तिच्या पदरात घातले आणि निम्मी भज्जी तिच्या भांड्यात काढली. तिनं कोपीमागे ठेवलेली एक जादा पेंढी उचलून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या कोपीला लावा मामा. आमचा कडबा तुमच्या शेतात जाऊ द्या." जनावराच्या तोंडची पेंढी होती ती. नको म्हणायची सोय नव्हती.

मोटारीत बसल्यावर आप्पा यांना म्हणाले, "मन्मथा, ही बाय कोरड्या रानात कोप करून बसली हाय आन आपुन गावोगाव जेवत हिंडायलो. आता कुठंच थांबायचं न्हाई. हाक आली तरी न्हाई. पाप लागलं तर मला लागंल. सरळ आपल्या शेतात चल."

त्या बाईच्या अर्ध्या पेल्यानं यांचा सगळा बेत धुऊन काढला. चाकूर गेलं, आष्टामोड गेलं. हाका येत होत्या, हे आरशातून मागे बघत होते, आप्पा समोर बघत होते. मी एकदा तोंड उघडलं. "आप्पा, एक सांगायचं होतं," एवढं म्हणाले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी "पाणी हवं का?" असं विचारून मोकळी झाले. मला माझा राग येत होता आणि तरी मी मूग गिळूनच बसले होते.

लातूर आलं. गाव ओस, दुकानांना कुलपं. नवा जिल्हा म्हणजे नवे डांबरी रस्ते, नव्या पाट्या. हे आप्पांच्या शेताच्या वळणावरून सरळ पुढे गेले. "रस्ता चुकला वाटतं," म्हणत वळून आले आणि पुन्हा पुढे गेले. तिसऱ्या वेळी आप्पांनी मागून यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव. चिंच हीच हाय."

चिंच तीच होती. तिच्या पलीकडे मात्र तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत पिवळ्या रंगाचे चार बंगले. फाटकाशी खाकी स्वेटर घातलेला, आप्पांपेक्षा थोडा लहान असा एक चौकीदार बसला होता.

"आज कुणी न्हाई मामा," तो म्हणाला. "सायबाला बी कुणीतरी येळवसीला नेलंय. उद्या या."

"मला सायब न्हाई पायजे," आप्पा म्हणाले. "हे शेत माझं हाय."

चौकीदारानं आप्पांच्या हातातलं मडकं पाहिलं, काखेतली पेंढी पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. तो तिथलाच माणूस होता, त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं उठून फाटक उघडलं.

आप्पांना विहीर लगेच सापडली. तिच्यावर मोटर बसवली होती. विहिरीच्या काठाला टाच लावून ते उगवतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पावलं मोजत चालायला लागले. आम्ही मागे फाटकापाशी उभे. चाळिसावं पाऊल पडलं ते सगळ्यात मोठ्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर. अहमदपूरपासून इथवर वीतभर हिरवं दिसलं नव्हतं, आणि इथे ओलं, लुसलुशीत, कापून सारखं केलेलं गवत होतं. कडेला रबरी नळी पडलेली. पाणी त्याच विहिरीचं. दुष्काळात विहिरीच्या तळाला जे उरलं होतं ते सगळं या गवतात जिरत होतं.

"हितं चौथरा व्हता," आप्पा म्हणाले.

"हाव, व्हता म्हणं," चौकीदार म्हणाला. "बंगले बांधणाऱ्या गुत्तेदारानं काढला. त्यो बी बिचकत व्हता पयल्यांदा, समाधी असंल म्हून. पर कागदावर कायबी न्हवतं. मालकानं लिहून दिलं असतं तर तेवढी जागा सोडली असती, बाकी बऱ्याच जणांची सोडली." मग त्याला काहीतरी उमगलं आणि तो रबरी नळी गुंडाळायला लागला.

आप्पा वळले. "तू लिहून दिलं न्हाईस?"

हे मोटारीच्या दाराला हात लावून उभे होते.

"अर्ज मी वाचला होता, आप्पा," मी म्हणाले. दोन वर्षांत मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. "मलाही माहीत होतं. ही मोटारही त्याच पैशांची आहे."

आप्पांनी चपला काढल्या. गवताच्या मध्यावर ती एक पेंढी उभी करायला गेले, पण एका पेंढीची कोप होत नाही. ती सारखी कलंडत होती. चौकीदारानं बंगल्यामागून बांबूचा तुकडा आणून तिला टेकू दिला. बांधकामाच्या ढिगातले पाच दगड आणले, रंगाऱ्यांनी टाकलेल्या डब्यातला वाळका चुना पाण्यात कालवून त्यांना लावला. "लवकर उरका मामा, सायब वरडतील," असं तो म्हणत होता आणि स्वतःच पाणी घेऊन आप्पांच्या मागून फेरी मारत होता. आप्पा कडुलिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत होते, हिरवळीच्या कडेनं, नळीवरून, बंगल्याच्या पायरीपर्यंत. चाळिसाव्या पावलाच्या जागेवर त्यांनी उरलेलं अर्धं मडकं रिकामं केलं आणि तिथे बसून राहिले. तेव्हा ते रडले. मोठ्यानं, आमच्यासमोर, पंच्यानं तोंड न झाकता.

मग उठून त्यांनी पाय धुतले आणि वाढायला घेतलं. पहिलं ताट चौकीदाराचं. उज्ज्वलाला जवळ घेऊन तिला भरवलं. मग फाटकाकडे तोंड केलं. आम्ही दोघं तिथेच उभे होतो, आत यावं की नाही हे न कळून.

आप्पांनी हात जोडले. "या पावणं," ते यांना म्हणाले. "लांबून आलाव, न जेवता जाऊ नका. बसा. तुमीबी बसा बाई."

ज्या आवाजात त्या कोरड्या रानातली बाई आम्हाला बोलावत होती, तोच आवाज. राग नव्हता त्यात. आजवर हे 'मन्मथा' होते, मी 'पोरी' होते. यांच्या हातातली किल्ली खाली पडली. आम्ही बसलो, आप्पांनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं आणि आम्ही जेवलो. येळवसीच्या हाकेला नाही म्हणता येत नाही.

परत येताना ते मोटारीत बसले नाहीत. "तुमाला कशाला तरास," म्हणून चालत स्टँडवर गेले आणि नांदेडच्या एसटीत बसले. उज्ज्वला त्यांच्याबरोबर गेली. आम्ही दोघं मोकळी मोटार घेऊन त्या एसटीच्या मागे मागे आलो. ती थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. शेतांमध्ये हेंडगे (पेटवलेल्या कडब्याच्या मशाली) फिरत होते. गोदावरीच्या पुलावर यांनी "त्यांना राग आला असेल ना?" असं विचारलं. राग आला असता तर बरं झालं असतं, एवढंही या माणसाला कळत नव्हतं.

घर गाठल्यावर प्रवास संपतो म्हणतात. आमचा संपलेला नाही. आप्पा आमच्याकडेच राहतात, त्यांना दुसरीकडे जायला जागा कुठे ठेवली आहे आम्ही? पण आता ते माजघरात येत नाहीत. बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्यानं बसावं त्या खुर्चीत बसतात. पाणी हवं असलं तर "पाणी मिळंल का, बाई?" म्हणून विचारतात. सकाळी चहाचा कप स्वतः विसळून माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "लई तसदी दिली तुमाला." पहिल्या दिवशी मी त्यांचे पाय धरले, तर त्यांनी घाईघाईनं मला उठवलं, परक्या बाईला उठवावं तसं. आता मी काही करत नाही. रोज कप हातात घेते आणि पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणते, "छे हो, तसदी कसली."